माझ्या नावाच्या गोळ्या

गुनसान
१९ मार्च २०१९

प्रिय मलसुन,

अनेक आशीर्वाद. तू बरी असशील असं धरून चालते. वोनजूला अजून थंडी असेल. इथे खाडीवरचा वारा बोचतोच आहे, पण बाजारामागच्या चेरीला कळ्या दिसायला लागल्यात.

आईचं श्राद्ध मागच्या गुरुवारी झालं. दरवर्षीप्रमाणे पत्र टाकते आहे. तू एक वर्षाआड उत्तर देतेस, त्या हिशेबाने यंदा तुझी पाळी आहे. श्राद्धाला मी आणि सोदाम दोघीच होतो. नाशपाती काय महाग झाल्यात म्हणून सांगू. तीनच ठेवल्या. आई असती तर म्हणाली असती, पाच ठेवायची ऐपत नव्हती तर मला बोलावलंस कशाला.

दुकान चाललंय म्हणायचं. गाडीचा कारखाना बंद पडल्यापासून निम्मं गिऱ्हाईक गाव सोडून गेलं. आता मुळ्याची किमची, पालकाची भाजी आणि काळ्या सोयाबीनची उसळ एवढंच रोज करते. सोया सॉसमधले खेकडे फक्त शनिवारी. तुझ्यासाठी मुळ्याच्या किमचीचा डबा वेगळा पाठवलाय. त्या घरात तुम्ही चौघीजणी राहता असं पालिकेच्या बाई म्हणाल्या, म्हणून जरा जास्तच भरलीय.

सोदाम मजेत आहे. सरकारी परीक्षेचा अभ्यास चालू आहे. सत्तावीस वर्षांची झाली. तुझ्यासारखीच उंच, आणि तुझ्यासारखीच बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघते, समोरच्याला कसंतरी होईपर्यंत.

मला स्वतःला मात्र हल्ली झोप नाही. जानेवारीपासून एका मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे जाते. हसू नकोस. ब्यन नावाचे म्हातारे डॉक्टर आहेत, बाजाराच्या दुसऱ्या टोकाला, दातांच्या दवाखान्याच्या वर. लोकांना वाटतं मी दाताला चाललेय. त्यांनी मला लिथियमच्या गोळ्या दिल्यात. मध्ये रक्त तपासलं आणि म्हणाले, रक्तात औषध फारच कमी दिसतंय. म्हणून बारा तारखेपासून गोळी वाढवलीय.

हे तुला लिहितेय कारण एक विचारायचं होतं. तुलाही त्याच गोळ्या होत्या ना? भेटायला यायचे तेव्हा तुझे हात थरथरायचे, पेला धरता यायचा नाही, ते त्यानेच का? आणि मळमळायचं का? उलट्या व्हायच्या का? चालताना तोल जायचा का? एवढं चालतं का, की त्याचं काही वेगळं बघावं लागतं? सवडीने लिही. फार सवडीने नको.

डबा उघडताना बेताने उघड, आंबून गच्च झाला असेल.

तुझी ताई

*

गुनसान
२८ मार्च २०१९

प्रिय मलसुन,

तुझं पत्र सोमवारी सकाळी आलं. इस्पितळाच्या पाचव्या मजल्यावरच्या बाकावर बसून हे लिहितेय. सोदाम जिवंत आहे. ते आधी लिहून टाकलं, म्हणजे पुढचं तुला धीराने वाचता येईल.

तू लिहिलंस, "ताई, तू आयुष्यभर दगडासारखी झोपलीस. मी रात्र रात्र भिंतीशी बोलायचे तेव्हाही तू शेजारच्या गादीवर घोरत होतीस. या गोळ्या कोण खातंय?" हे वाचताना माझ्या हातात पालकाची जुडी होती. मी तिथेच खाली बसले. तेवीस वर्षं मी गिऱ्हाइकांना कालची भाजी आजची म्हणून विकत आलेय, कुणी पकडलं नाही. तू दोनशे किलोमीटरवरून एका वाक्यात पकडलंस.

सोदाम खात होती.

सगळं सांगते. दोन वर्षांपूर्वी ती सोलला क्लासेसच्या त्या गल्लीत खोली घेऊन राहत होती. एकदा पाच दिवस झोपली नाही. पन्नास जेवणाचे डबे विकत घेऊन रस्त्यावर वाटत सुटली. मला फोन करून म्हणाली, आई, आता परीक्षेची गरज नाही, मला थेट वरूनच नेमलंय. आवाजात एवढा आनंद होता की मला तिथल्या तिथे तुझी आठवण झाली. मग ती घरी आली आणि दोन महिने भिंतीकडे तोंड करून पडली.

तेव्हा मी तिला डॉक्टरकडे नेलं, पण सरकारी आरोग्य विमा न लावता. विमा लावला की सरकारदरबारी नोंद राहते ना. बाजारात विम्याच्या पॉलिसी विकणाऱ्या तक बाई येतात. त्या एकदा भाजी घेता घेता म्हणाल्या होत्या, "मानसोपचाराचा शिक्का एकदा बसला ना, की आमची कंपनी अर्जसुद्धा हातात घेत नाही. सरकारी नोकरी तर सोडाच." त्या शेजारच्या कुणाबद्दल तरी बोलत होत्या. मी पालक बांधून दिला आणि एक मूठ जास्त घातला.

विम्याशिवाय जायचं म्हणजे दर खेपेला पूर्ण पैसे मोजायचे. चार खेपा झाल्या आणि सोदामनेच जायचं सोडलं. म्हणाली, माझ्या डोक्यापायी तुझं दुकान विकायला काढशील. डिसेंबरात पुन्हा झोप उडाली. मग माझ्या डोक्यात ते आलं. माझं वय अठ्ठावन्न. मला कोण नोकरी देतंय, कोण माझी पॉलिसी काढतंय? माझ्या नावावर शिक्का बसला तर बसू दे. विमा लावून मी गेले तर शिल्लक पैशांत बसतं. मी जायचं, तिचं दुखणं माझं म्हणून सांगायचं आणि गोळ्या घरी आणायच्या. मला वाटलं, केवढी हुशारी केली मी.

मलसुन, साठीला टेकलेली बाई डॉक्टरांसमोर बसून सांगतेय की मला वाटतं माझी वरून नेमणूक झालीय. बसमध्ये मी मनातल्या मनात तालीम करायचे. ब्यन डॉक्टर सगळं मान खाली घालून लिहून घ्यायचे. एकदा चष्मा काढून म्हणाले, "क्यंगओकबाई, या वयात हे पहिल्यांदाच सुरू होणं जरा वेगळं आहे हं." मी म्हटलं, आमच्या घरात सगळंच उशिरा होतं.

दर वेळी शेवटी ते एकच विचारायचे. मरून जावंसं वाटतं का? मी म्हणायचे, छे हो. हो म्हटलं असतं तर त्यांनी मला दाखल करून घेतलं असतं, आणि मग दुकान कोण बघणार, सोदामकडे कोण बघणार? मी तिला कधी विचारलंच नाही. तिच्या वतीने नाही म्हणत राहिले.

आता जे सांगते ते कुणालाच सांगितलेलं नाही. फेब्रुवारीच्या शेवटी डॉक्टर म्हणाले, रक्तात औषध किती उतरलंय ते बघायला हवं, सोमवारी या. माझ्या रक्तात काय सापडणार? लसूण. पकडली गेले तर चौकशी होणार, आणि सोदामचं नाव तिथेच पुढे येणार. म्हणून ते चार दिवस मी तिच्या निम्म्या गोळ्या खाल्ल्या. तिच्या रोजच्या वाट्यातल्या. तिला सांगितलं, औषधाच्या दुकानात तुटवडा आहे, चार दिवस अर्ध्या घे. माझ्या तोंडाला तांब्याची चव आली आणि दिवसभर तहान लागायची. मला वाटलं, बरं झालं, आता सापडेल काहीतरी.

सापडलं, पण थोडंच. चार दिवसांत ते किती उतरणार. डॉक्टर बिचारे म्हणाले, तुम्हाला हा डोस कमी पडतोय. त्यांनी माझं रक्त बघून गोळ्या वाढवल्या आणि त्या मी सोदामच्या हातावर ठेवल्या, दोन वेळा, पाण्याचा पेला घेऊन समोर उभं राहून. तिने जीभ उचलून दाखवल्याशिवाय मी हलायचे नाही.

आठवड्यात तिचे हात थरथरायला लागले. चॉपस्टिक धरता येईना. मी म्हटलं औषध लागू पडतंय. मग उलट्या. मी तांदळाची पेज केली. तोल तर आधीपासूनच जात होता, पण रविवारी ती न्हाणीघरातून येताना भिंतीला धरत आली आणि बोलताना शब्द घरंगळत होते. मी तिच्यावर ओरडले, सोजू प्यायलीस का म्हणून. आणि सोमवारी तुझं पत्र आलं. "हात थरथरणं चालतं. उलट्या आणि झोकांड्या चालत नाहीत. आमच्या वॉर्डात एक बाई अशीच गेली. दारू प्यायलीय म्हणून सगळे तिला हसत होते. जो कोणी खात असेल त्याची गोळी आत्ता बंद कर आणि मोठ्या इस्पितळात ने. त्याच्या स्वतःच्या नावावर ने."

टॅक्सीत तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि तिच्या पापण्या फडफडत होत्या. इमर्जन्सीच्या खिडकीशी मुलीने विचारलं, पेशंटचा नोंदणी क्रमांक? माझ्या तोंडून सवयीने माझाच क्रमांक गेला. तिने कॉम्प्युटरच्या पडद्याकडे पाहिलं, स्ट्रेचरकडे पाहिलं. "पेशंट अठ्ठावन्न वर्षांची आहे?" तुला खरं सांगते, तेवढ्यातही माझ्या मनात आलं, अजून सांभाळून घेता येईल का. तेव्हा स्ट्रेचरवरून सोदामने तिचा स्वतःचा क्रमांक सांगितला. एकेक आकडा, जड जिभेने, मध्ये थांबत. तेरा आकडे. मी तिथे उभी राहून ऐकत होते.

तिचं रक्त यंत्रातून काढून धुतलं, दोनदा. मूत्रपिंड वाचलंय म्हणतात. आणखी दोन दिवस गेले असते तर आम्हाला काही करता आलं नसतं, असं तिथला तरुण डॉक्टर म्हणाला. मी त्याला सगळं सांगितलं. तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. समाजसेविका ग्योन म्हणून एक मुलगी आहे, ती म्हणाली, परीक्षावाले ही नोंद बघत नाहीत, त्यांना ती मिळतच नाही. विचारतात त्या पॉलिसीवाल्या कंपन्या. म्हणजे ज्या डागाला मी घाबरले तो बघायला कुणी येणारच नव्हतं. आणि पॉलिसी तिची कधी काढलीच नव्हती, हप्ता परवडत नाही म्हणून.

काल सोदाम नीट शुद्धीवर आली. डॉक्टरांनी तिला माझ्यादेखत तोच प्रश्न विचारला. मरून जावंसं वाटतं का?

ती म्हणाली, "हो. जानेवारीपासून."

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आई, तू रडू नकोस, तुला कसं कळणार." मला कसं कळणार. जानेवारीत मी नाही म्हटलं, फेब्रुवारीत म्हटलं, मार्चमध्ये म्हटलं.

मलसुन, मला फार भीती वाटतेय. तुझ्यासाठी मी इतकी घाबरले होते का, ते आठवत बसलेय. उत्तर येतं ते लिहवत नाही.

तुझी ताई

*

गुनसान
४ एप्रिल २०१९

प्रिय मलसुन,

आशीर्वाद. तुझा फोन नंबर पत्राखाली लिहिलेला पाहिला. तीनदा फिरवला आणि वाजायच्या आत ठेवला. जे सांगायचंय ते मला तोंडाने सांगता येणार नाही, म्हणून पुन्हा कागदच.

सोदाम जेवते. हात जवळजवळ स्थिर झालेत. नवं औषध सुरू केलंय, त्याला रक्त तपासावं लागत नाही. ही चांगली बातमी.

दुसरी बातमी अशी की इथला मानसोपचाराचा वॉर्ड महिनाअखेर बंद होतोय. अठरा खाटा आहेत. ग्योन म्हणाली की या खाटांवर इस्पितळाचं नुकसान होतं, त्याच जागेत गुडघ्याच्या शस्त्रक्रिया केल्या तर फायदा होतो. नवे पेशंट घेणं बंद केलंय आणि आहेत त्यांना हलवताहेत. सोदामसाठी त्यांनी एक खाट शोधून दिली. लगेच मिळणारी, खाजगी, डोंगरात. नाव बदललंय, रंग बदललाय. पण पत्ता वाचल्याबरोबर मी ओळखलं. नऊ वर्षं त्याच पत्त्यावरून माझ्याकडे पाकिटं यायची.

पेशंटची मर्जी नसली तरी दाखल करायचा कागद तोच आहे. पालक दोन, सह्या दोन. आता तपासणी कडक झालीय, बाहेरचा दुसरा डॉक्टरही बघतो, असं सांगतात. मी मान हलवली. सोदामच्या बाबांना उल्सानला फोन केला. सोळा वर्षांनी आम्ही एवढं बोललो. ते म्हणाले, "सही कर. मी उद्याच पाठवतो माझी. तिथे जवळजवळ काही पडत नाही. घरी ठेवून तू काय करणार आहेस? दुकानात बसवणार आहेस तिला?" त्यांची सही खरोखर दुसऱ्या दिवशी कुरियरने आली. पोटगी कधी इतक्या वेळेवर आली नाही.

आणि मलसुन, ते चूक बोलत नव्हते. घरी आणली तर काय आहे? दर आठवड्याला डॉक्टर, दहा मिनिटं. विम्यात तेवढंच बसतं. तिच्याशी तासभर कुणी बोलायला हवं असेल तर ते पैसे वेगळे. पालिकेच्या केंद्रात दोन माणसं आहेत आणि यादीत तीनशे नावं. आमचा नंबर जुलैत. तोवर खिडक्या, दोऱ्या, औषधांचा डबा आणि खाडी, या सगळ्यावर मी डोळ्यांत तेल घालून बसायचं. आणि भाजी कोण करणार? डोंगरात दार बंद असतं. तिथे ती मरणार नाही. दिवसभर हेच एक वाक्य माझ्या डोक्यात फिरत होतं. तिथे ती मरणार नाही, आणि पैसे पडणार नाहीत.

मंगळवारी दुपारी पेन घेऊन मी तिच्या खाटेशी बसले. कागद पर्समध्ये होता. तिला सांगितलं, थोड्या दिवसांसाठी दुसरीकडे जावं लागेल, डोंगरात, हवा चांगली आहे. ती त्या तुझ्या डोळ्यांनी माझ्याकडे बघत राहिली. मग विचारलं, "मावशीला तिथे किती दिवसांसाठी ठेवलं होतं?"

मी म्हटलं, "तीन महिन्यांसाठी."

हिशेब तिला येतो.

मी खाली गेले आणि ग्योनच्या टेबलावर कागद कोरा परत ठेवला. मुलीला घरी नेते म्हणाले. तिने डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी मला अर्धा तास समजावलं की यात धोका आहे आणि जबाबदारी माझी राहील. मी हो हो म्हणत होते. सोमवारी तिला सोडतील. ग्योनने मागून येऊन माझ्या हातात एक चिठ्ठी दिली. तिच्यावर तुमच्या त्या घरासारखं, इस्पितळातून सुटलेल्यांना मिळून राहता येईल असं घर चालवणाऱ्या लोकांचा नंबर होता. इथे नाही, जोन्जूला आहे. जागा नाही, पण विचारत राहा म्हणाली.

मी बरोबर केलं की नाही हे मला माहीत नाही. मी तिला मारायला घरी आणतेय का? या प्रश्नाचं उत्तर देऊ शकेल असं ओळखीचं एकच माणूस आहे. तू ये. सोदामला बघ, तिच्याजवळ बस, आणि मला सांग की कधी घाबरायचं आणि कधी नाही. मला ते ओळखता येत नाही. मी उलट्यांना पेज दिली.

पण यायचं की नाही हे ठरवायच्या आधी तुला एक गोष्ट कळायला हवी. ती मी आईलाही सांगितली नव्हती.

२००४ च्या वसंतात, तुला तिथे जाऊन तीन वर्षं झाली होती, तेव्हा मला तिथून फोन आला. एक नवीन डॉक्टर होती, आवाजावरून तरुण वाटली. म्हणाली, "तुमच्या बहिणीला इथे ठेवण्याचं काही कारण नाही. वर्षभर त्या छान आहेत. कपडे धुण्याच्या खोलीत काम करतात, बाकीच्यांची पत्रं लिहून देतात. तुम्ही येऊन त्यांना घेऊन जा."

मी तिला म्हटलं, घरी जागा नाही.

ती म्हणाली, त्या विचारतात, ताई कधी येणार. मी म्हटलं, कळवते. दुसऱ्या दिवशी इस्पितळाच्या मॅनेजरचा फोन आला. अगदी गोड बोलणं. "तुम्ही मनाला लावून घेऊ नका. नव्या डॉक्टर आहेत, त्यांना अजून कळत नाही. तुमची बहीण गरिबांच्या योजनेत आहे. इथे राहिली तर तुम्हाला एक वॉनही पडत नाही." मी मूर्ख नव्हते. सरकार त्यांना दर डोक्यामागे दर दिवसाचे पैसे देतं, डोकं बरं असो की आजारी, हे मला तेव्हाच समजलं. मला फुकट पडत होतं आणि त्यांना मिळत होतं. मध्ये तू होतीस. मी त्यांचे आभार मानले. पुढच्या खेपेला त्या डॉक्टर तिथे नव्हत्या.

त्यानंतर दर सहा महिन्यांनी पाकीट यायचं. "सुधारणा नाही" असं छापलेलं असायचं आणि खाली माझ्यासाठी रेघ. मी सही करायचे, पाकीट बंद करायचे आणि भाजीला लागायचे. आणखी सहा वर्षं. तुला वाटतं की मला कुणी सांगितलं नाही, डॉक्टरांनी आम्हा सगळ्यांना फसवलं. एका पत्रात तसं लिहिलंही होतंस तू, माझ्यावर दया दाखवून. मी ते पत्र जपून ठेवलं आणि तुला दुरुस्त केलं नाही. त्यानंतरच्या सह्या मी तू आजारी होतीस म्हणून केल्या, असं नाही. तू बरी झाल्याचं मला माहीत होतं. बाहेर आलीस तर महाग पडशील, म्हणून केल्या.

आता सोदामच्या वेळी तोच हिशेब माझ्यासमोर आला, आणि तुला वाटेल की माझं मन बदललं. मन किती बदललंय हे मला ठाऊक नाही. पोटची होती म्हणून हात थांबला. तुझ्या वेळी नाही थांबला. एवढंच.

वोनजूहून सकाळी नऊ चाळीसची बस आहे, जोन्जूला बदलावी लागते. मी सोमवारी दुकान उघडणार नाही. तू आली नाहीस तरी मी समजेन, तुझ्या जागी मीही आले नसते. सोदाम रोज विचारते, मावशी कधी येणार. मी तिला अजून काही सांगितलेलं नाही, काय सांगायचं ते तुझं पत्र आल्यावर सांगेन.

अठरा वेळा तुझी पालक म्हणून सही केली आणि दरवर्षी पत्राखाली ताई म्हणून. आज त्यातलं काहीच लिहायला हात होत नाही, म्हणून नुसतं नाव.

क्यंगओक